व्हॅनमधल्या हीटरचं गणित शिकवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सा. न.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं, जेवलात का?" म्हणून विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय इथली, अमेरिकेतली, आपली बरीच मंडळी हल्ली व्हॅन घेऊन हिवाळ्यात बाहेर पडतात. त्यांच्याही कानावर हे गेलेलं बरं.

प्रोपेन गॅसवर चालणाऱ्या छोट्या हीटरबद्दल आम्हाला तोवर दोनच प्रकारचे सल्ले मिळाले होते. एक पंथ म्हणायचा, "खुशाल रात्रभर लावून झोपा, आत चालतो असं खोक्यावरच छापलंय." दुसरा म्हणायचा, "हात लावाल तर मराल." कोलोरॅडोत नोव्हेंबरअखेरीस अलामोसाजवळ सूर्य मावळला की पत्र्याच्या गाडीचा फ्रीज होतो. तेव्हा या दोन्ही सल्ल्यांचा काडीचा उपयोग नसतो. शेजारच्या गाडीतून मराठी ऐकू आलं आणि तुम्ही स्वेटरवर शाल गुंडाळून आलात, हे आमचं नशीब.

आमचा हा छोटा हीटर, 'बडी' नावाचा, पेटायचा आणि थोड्या वेळानं आपोआप विझायचा. नवरा तो दुकानात परत करायच्या बेतात होता. तुम्ही खाली बसून टॉर्चच्या उजेडात पायलटची, म्हणजे हीटर पेटता ठेवणारी छोटी ज्योत दाखवलीत. ती एका बारीक धातूच्या कांडीला चाटत असते. हवेतला प्राणवायू कमी झाला की ज्योत कांडीपासून सुटते, कांडी गार होते आणि गॅस बंद होतो. अलामोसाच्या साडेसात हजार फुटांवर हवा मुळातच विरळ. सात हजार फुटांच्या वर हीटर विझू शकतो, हे माहितीपत्रकातच लिहिलेलं निघालं. "विझतोय म्हणजे काम चोख करतोय," तुम्ही म्हणालात, "आणि ज्यांनी व्हिडिओ बघून हा सेन्सर काढून टाकलाय, त्यांच्या गाडीत चहालासुद्धा जायचं नाही."

पण हा सेन्सर फक्त प्राणवायूवर लक्ष ठेवतो, कार्बन मोनॉक्साइड त्याला कळत नाही, हे मला तुमच्यामुळे समजलं. गॅस गळला तर घरच्या सिलिंडरसारखा वास तरी येतो, या विषारी वायूला तोही नाही. त्याचा अलार्म उशीच्या उंचीवर हवा आणि गॅसगळतीचा जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड, तो खाली साचतो. जुन्या गाडीसोबत आलेला आमचा अलार्म तुम्ही उलटा करून पाहिलात. मागे छापलेली मुदत केव्हाच उलटून गेली होती. एक शब्द न बोलता तुम्ही तुमच्याकडचा जादा अलार्म आणून लावलात.

आणि ते पाणी! सकाळी काचा आतून निथळत, गादीची खालची बाजू ओली. मी थंडीला दोष देत होते. तुम्ही निवृत्त झालात तरी रसायनशास्त्राच्या बाईच. किराणाच्या पावतीमागे समीकरण मांडलंत: प्रोपेनच्या एका रेणूमागे पाण्याचे चार रेणू. म्हणजे हीटरला लागणाऱ्या एका छोट्या हिरव्या सिलिंडरमधला साडेचारशे ग्रॅम गॅस जळला की जवळजवळ पाऊण लिटर पाणी वाफ होऊन गाडीत फिरणार. आमचा श्वास वेगळाच. मग देवासाठी आणलेली उदबत्ती पेटवून खिडकीशी धरलीत. पुढची काच दोन बोटं खाली, छताचं झाकण तेवढंच वर, की धूर कसा सरळ आत ओढला जाऊन वरून बाहेर पडतो ते डोळ्यांनी दिसलं. ऊब निसटते म्हणून कुरकुरणाऱ्या नवऱ्याला "निसटू दे, श्वास महाग आहे" एवढंच ऐकवलंत.

तेव्हापासून आमचा नेम ठरलाय. संध्याकाळी अर्धा तास, पहाटे उठल्यावर थोडा वेळ, तोही दोघांपैकी एकजण जागा असेल तरच. हीटर पलंगापासून लांब, सपाट फळीवर. सिलिंडर बसवला की सांध्याला साबणाचा फेस. झोपताना बंद म्हणजे बंद, आत गोधडी आणि गरम पाण्याची पिशवी. बारीक आचेवर एक सिलिंडर पाचेक तास पुरतो, त्यामुळे खर्चही आटोक्यात राहिला. उंचावर त्याच्यावर विसंबायचं नाही, हेही पाळतो. पुढे युटामधल्या मोआबला, चार हजार फुटांवर, तोच हीटर एकदाही विझला नाही.

आता नवऱ्याच्या डोक्यात डिझेल हीटर बसवायचं आहे, धूर नळीनं गाडीबाहेर सोडणारा. त्यात हवा आत कोरडी राहते, हे त्याला पटलंय. पण नळी गाडीच्या तळातून नेमकी कुठून काढायची यावर आमचं एकमत नाही, त्यासाठी तुमचा एक शनिवार लागेल. नवीन अलार्म आलाय, तुमचा परत आणते. सोबत डिंकाचे लाडू असतील. "कशाला आणलेस?" म्हणायचं नाही.

तुमची,
शेजारच्या पांढऱ्या व्हॅनमधली