नोव्हेंबरात येतोयस, तर भुकेलाच ये

सोल, दक्षिण कोरिया,
14 सप्टेंबर

प्रिय नंदू,

तिकिटं काढलीस हे वाचून इतका आनंद झाला की आज रात्रीच लिहायला बसलो. वहिनींनी खाली दोन ओळी लिहिल्यात, "भावजी, तिथे माझ्यासारख्या शाकाहारी बाईने जेवायचं काय?" त्यांना नीट उत्तर देतो. पण आधी इथल्या साध्या खानावळीत माणसं जेवतात कशी ते तुला सांगायचंय, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खानावळ आहे. टेबलं मोजकीच, चालवणारी बाई सत्तरीची. गिऱ्हाइकं तिला मावशीच म्हणतात, मीही म्हणतो. बसलास की टेबलाच्या कडेचा खण ओढायचा. त्यात लांब दांड्याचे स्टीलचे चमचे, चपट्या स्टीलच्या काड्या आणि कागदी रुमाल असतात. भात खायचा चमच्याने, काड्या बाकीच्यासाठी. पाणी आपणच उठून आणायचं. टेबलावर एक बटण असतं, ते दाबलं की आत घंटा वाजते. मावशीकडे मात्र कोणी ते दाबत नाही, सरळ हाक मारतात.

आणि मग, तू मागवलेलं काही यायच्या आतच मावशी ट्रे घेऊन येते नि वाट्या मांडायला लागते. कोबीची किमची (म्हणजे मीठ-मिरची लावून आंबवलेली भाजी), मुळ्याची किमची, मोड आलेलं सोयाबीन तिळाच्या तेलात कालवलेलं, उकडून पिळलेला पालक, सोया सॉसमध्ये आटवलेले बारके बटाटे, आणि सुकी बारीक मासळी, गोडसर परतून चकचकीत केलेली. या सगळ्या तोंडीलावण्यांना बान्चान म्हणतात. त्याचे वेगळे पैसे नाहीत. संपलं की परत मिळतं, परत संपलं की परत. भाताची वाटी आणि सूपचा वाडगा एवढंच ज्याचं त्याचं. बाकी सगळं मधोमध, सगळ्यांचं मिळून.

मी इथलं कुठलंही हॉटेल पारखतो ते या वाट्यांवरून. मांस काय, पैसे टाकले की उत्तम आणता येतं. पण रोज पहाटे पालक निवडायचा, नेमका उकडायचा, पाणी राहू न देता पिळायचा आणि वर जे फुकटच वाढायचंय त्यात तिळाचं तेल हात न आखडता घालायचं, याला मन लागतं. 2024 च्या उन्हाळ्यात उष्णतेने इथल्या कोबीच्या पिकाने मार खाल्ला. भाव इतके चढले की सरकारने चीनहून कोबी आणवला. मावशीने तेव्हाही किमचीची वाटी लहान केली नाही. त्या दिवसांत मी दुसरी वाटी मागायला संकोचायचो. ती न मागता आणून ठेवायची.

भाताच्या वाटीचं मात्र माप ठरलेलं. झाकणाची स्टीलची वाटी, कुठेही जा, साधारण तेवढीच. तांदळाची टंचाई होती त्या काळात, 1976 मध्ये, सोलच्या प्रशासनाने हॉटेलांना मापच नेमून दिलं होतं: व्यास साडेदहा सेंटीमीटर, उंची सहा. पूर्वी भात घ्यायचे ती वाटी याहून बरीच मोठी असायची. टंचाई केव्हाच सरली, वाटी तीच राहिली. तुझ्या पोटाला एक पुरणार नाही. बिनधास्त दुसरी सांग, तिचे पैसे लावतात पण किरकोळ.

आता किमची. पुण्यात मिळते त्या बरणीवरून तू मत बनवू नकोस. दापोलीत वाढलेल्या माणसाला इथली किमची पहिल्या घासाला ओळखीची वाटते आणि ती का, हे मला मावशीच्या स्वयंपाकघरात कळलं. तिने एक डबा उघडून माझ्या नाकाखाली धरला. आत खारवलेला जवळा! सेउजॉत म्हणतात याला. आपल्या जवळ्याच्याच जातकुळीतली कोळंबी, फक्त उन्हात वाळवण्याऐवजी मिठात मुरवलेली. गांघ्वा बेटावरची नावाजलेली असते आणि जूनच्या सुमाराला धरलेली सगळ्यात भरलेली. कोबीची पानं मिठाने नरम करायची, मग लाल मिरचीची पूड, लसूण, आलं, मुळ्याचा कीस आणि हा जवळा एकत्र करून पानापानात चोळायचा. पुढचं काम थंडी आणि दिवस करतात. त्या डब्याचा वास घेतला नि मला हर्णैचं बंदर दिसलं. एवढ्या लांब येऊन माझं पोट इथे का रमलं, याचं कारण त्या डब्यात आहे असं मी मनापासून मानतो.

तू येतोयस ते दिवसही नेमके किमजांगचे, म्हणजे हिवाळ्याची किमची घालायचे. घरची, शेजारची, नात्यातली माणसं जमून ढिगाने कोबी घालतात. युनेस्कोने 2013 मध्ये ही चाल मानवजातीच्या वारशात धरली. त्या दिवशी दमलेल्या लोकांचं ठरलेलं जेवण असतं बोस्साम: उकडलेलं डुकराचं मांस, त्याबरोबर त्याच दिवशीची ताजी, अजून न आंबलेली किमची आणि बऱ्याचदा कच्ची कालवं. होय, कालवं! दक्षिणेला थोंग्यंगकडून येतात आणि थंडीतच ऐन भरात असतात. हॉटेलांतही या दिवसांत मिळतं. कालव, किमची आणि मांसाचा तुकडा एका पानात गुंडाळून अख्खा घास तोंडात घालायचा. अर्धा चावून खाली ठेवायचा नाही. मी या एका घासासाठी वर्षभर थांबतो.

वहिनींसाठी खरं ते लिहितो. सोपं नाही, पण उपाशी राहायची वेळ मुळीच येणार नाही. अडचण मांसाची नाही, ते दिसतं. अडचण पाण्याची आहे: सोयाबीन आंबवून केलेल्या लगद्याचं, म्हणजे दोएनजांगचं, जे सूप असतं, ते बहुतेक ठिकाणी सुक्या मासळीच्या पाण्यात करतात. किमचीचं वर सांगितलंच. म्हणून रोजच्या खानावळीत त्यांना दोलसोत बिबिंबाप घ्यायला सांग: तापलेल्या दगडी भांड्यात भात, त्यावर पाच-सहा भाज्या आणि गोचुजांग, म्हणजे लाल मिरचीचा तिखट, आंबवलेला लगदा. "गोगी प्पे जुसेयो" म्हटलं की मांस घालत नाहीत. अंड्याचंही तसंच सांगायचं. गोचुजांग मात्र कधी कधी मांस घालून परतलेलं असतं, ते विचारून घ्यायचं. मावशीला मी आधीच सांगून ठेवलंय. ती म्हणाली, पाहुणीसाठी वाट्या वेगळ्या मांडीन. भांड्याच्या तळाला लागलेली खरवड वहिनींनाच द्यायची, त्यावर तू हात मारू नकोस.

पण त्यांना मला खरं न्यायचंय ते बालू गोंग्यांगला. जोग्येसा या बौद्ध मंदिरासमोर मंदिराच्याच पंथाने चालवलेलं हॉटेल आहे. तिथे मठातलं जेवण मिळतं. मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा, लसूण, पात यांतलं काहीही नाही, कारण भिक्षूंना ते वर्ज्य. वहिनी चातुर्मास पाळतात, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. कमळाची मुळं, मशरूम, डोंगरातल्या रानभाज्या, टोफू, एकेक करून पुढ्यात येतं आणि प्रत्येकाला स्वतःची चव असते. मठात तर भिक्षू शेवटी वाडग्यात पाणी घेऊन, किमचीच्या किंवा मुळ्याच्या तुकड्याने तो पुसून ते पाणी पितात. शीतही वाया जाऊ देत नाहीत. माझी आजी ताटात पाणी घालून प्यायची, आठवतं ना तुला?

एक गोष्ट मात्र मला इथली आवडत नाही आणि ती तुला सांगायलाच हवी. शेगडीवर मांस भाजून खायची जी हॉटेलं आहेत, त्यांतली बरीच दोन माणसांच्या खालची ऑर्डर घेत नाहीत. सुरुवातीच्या हिवाळ्यात कामावरून उशिरा सुटलो, बाहेर बर्फ, आणि एका हॉटेलच्या दारातून मला "एकटेच का?" विचारून परत पाठवलं. टेबलं रिकामी होती. फार लागलं मला ते. एकट्या माणसाला भूक नसते का? हल्ली एकेकट्यासाठी बाकं मांडलेली हॉटेलं निघाली आहेत, ते चांगलंच झालं. तरी पण सामग्योप्साल, म्हणजे पोटाकडच्या मांसाच्या त्या जाड पट्ट्या, एकट्याने खायची चीज नाही हेही तितकंच खरं. एकाने चिमट्याने धरायचं, कात्रीने कापायचं, दुसऱ्याने पान पुढे करायचं. म्हणून तुझ्या येण्याची मी इतकी वाट बघतोय.

किरकोळ सूचना: वडीलधाऱ्याने चमचा उचलल्याशिवाय आपण सुरू करायचं नाही. मोठ्यांना ओतून देताना बाटली दोन्ही हातांनी. टिप ठेवायची नाही, घेत नाहीत. पैसे उठताना गल्ल्यावर, आणि ते मी देणार, त्यावर भांडायचं नाही.

बालू गोंग्यांगला जागा आधी राखावी लागते, तेव्हा पोचायची तारीख आणि वहिनींना एकादशी कधी आहे ते दोन्ही कळव. आईला नमस्कार सांग, चिमीला गोड पापा.

तुझा,
अवि