बाबांच्या चहासोबतचा टोस

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, बाबा आता सकाळी नुसता काळा चहा पितात आणि टोसाचा डबा तू धुऊन फळीवर पालथा घातलास, हे फोनवर ऐकल्यापासून जिवाला चैन नाही. टोस बशीच्या काठावर दोनदा आपटायचा, चुरा झाडायचा आणि मगच चहात बुडवायचा, ही बाबांची सकाळ मी लहानपणापासून पाहत आले. डॉक्टरांनी साखरेपायी सकाळचं धान्य बंद केलं, पोट फुगतं म्हणून दूधही. ते पाळायचंच. पण टोस गव्हाचाच कशाला हवा?

चार रविवार खपून मी फल्लीदाण्याचा टोस जमवला आहे. बाबा, फल्ली धान्यात येत नाही. शंभर ग्रॅम गव्हाच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, तेवढ्याच दाण्यांत १६च्या आसपास.

आई, दोन वाट्या दाणे मंद आचेवर भाजून साल पाखडून टाक. खवट, सुरकुतलेला दाणा एकही घेऊ नको. बुरशीचं विष भाजल्यानंही पुरतं जात नाही. दाणे पूर्ण गार झाले की मिक्सर थांबत थांबत फिरव. पहिल्या खेपेला मी घाई केली तर तेल सुटून नुसता गोळा झाला. कूट रव्यासारखा मोकळा हवा. त्यात दोन चमचे जवसाची पूड, मीठ, अर्धा चमचा खायचा सोडा आणि चार फेसलेली अंडी घाल. गव्हाचा चिकटपणा इथे नाही, म्हणून धरून ठेवायचं काम अंडी आणि जवस करतात. शेवटी दोन चमचे लिंबाचा रस. तो पडला की सोडा फसफसतो, मग लगेच तेल लावलेल्या डब्यात ओत.

अंडं तुझ्या स्वयंपाकघरात चालत नाही, ठाऊक आहे. अंगणातल्या चुलीवर मोठा गंज ठेव, तळाशी रेती पसर, झाकून दहा मिनिटं तापू दे. मग आत डबा ठेव आणि निखाऱ्यांवर पाऊण तास. सुरी घालून बघ, कोरडी निघाली पाहिजे. गरम असताना अजिबात कापू नको, माझा पहिला तसाच भुगा झाला. रात्रभर राहू दे. सकाळी बोटाएवढ्या जाड चकत्या कापून तव्यावर सराट्यानं दाबत दोन्हीकडून खरपूस भाज.

बाबा, बेकरीच्या टोसासारखा हा चहा पिऊन फुगत नाही, फार वेळ ठेवला तर तुटतो. बुडवला की उचला. चव मात्र खमंग आहे, मला तर त्याहून आवडली. दोनच खा, दाण्याचं तेल जड असतं. साखरेची गोळी आपल्या मनानं कमी करू नका. आठ दिवस नाश्त्यानंतर दोन तासांनी साखर तपासून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

केलेला टोस दोन दिवसांत संपवायचा, त्यात अंडं आहे.

शनिवारच्या एसटीनं मी येते. पहिला डबा आपण दोघी मिळून लावू. दाणे तेवढे निवडून ठेव.

तुमची
लहानी