पाठीवर पडण्याची विद्या

टोकियो, रविवार

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी इथल्या प्रो-रेसलिंगचा, म्हणजे दोऱ्यांच्या रिंगमधल्या व्यावसायिक कुस्तीचा, विषय काढला आणि तुम्ही तो एका वाक्यात संपवलात, "ठरवून पाडतात, त्यात बघायचं काय?" निकाल ठरलेला असतो, हे मान्य. पण पडणारा खराच पडतो, आणि पडतो तोही माणसाच्या डोक्यावरून. आपल्या मातीत पाठ टेकली की कुस्ती संपली. त्यामुळे पाठ वाचवण्यातच मल्लाचा सगळा जीव असतो. इथल्या प्रो-रेसलिंगमध्ये दोन्ही खांदे दाबून धरलेले असताना पंचानं तीन मोजेपर्यंत कुस्ती चालूच राहते. म्हणून इथं पाठीवर पडून पुन्हा उभं राहण्याचीच एक विद्या झाली. तिला 'उकेमी' म्हणतात, शब्द ज्युदोतलाच. आणि उकेमी बघायची तर ज्युनिअर हेवीवेटच्या कुस्त्या बघाव्यात, म्हणजे शंभर किलोच्या आतले गडी. हे गडी उंच उडतात, वेगात येतात, आणि एका कुस्तीत चाळीसदा आपटतात.

आधी जमीन समजून घ्या. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर पातळशी गादी आणि वर ताणलेलं कॅनव्हास. आखाड्यातल्या तेल-ताक मुरवलेल्या लाल मातीचा मऊपणा इथं नाही. मागे पडताना हनुवटी छातीला चिकटवायची, नजर स्वतःच्या बेंबीवर. पाठीचा वरचा भाग एकदम टेकवायचा आणि त्याच क्षणी दोन्ही हात, तळवे खाली करून, अंगापासून थोडे लांब गादीवर आपटायचे. श्वास बाहेर सोडायचा. हनुवटी सुटली तर डोक्याची मागची बाजू आधी लागते. घाबरून कोपर मागे टेकवलं तर सगळा भार कोपरातून खांद्यात जातो. श्वास कोंडला तर छाती बधिर होऊन पुढचं अर्धं मिनिट गडी नुसता आ वासून पडतो. टीव्हीवर जो 'धाडकन' आवाज येतो तो या तळव्यांचा आणि फळ्यांचा. आवाज स्वच्छ आला की समजायचं, पडणं नीट झालं. थबकल्यासारखा, दबका आला की काहीतरी चुकलंय.

आता याच्यावर डाव कसे रचलेत ते बघा. मागून कंबरेला मिठी मारून, उचलून, स्वतः मागे कमान टाकत समोरच्याला खांद्यांवर आदळायचं, हा जर्मन सुप्लेक्स. यात पडणाऱ्याचे हात मोकळे असतात, तो गादी थोपटू शकतो. टायगर सुप्लेक्समध्ये त्याचे दोन्ही हात कोपरात अडकवून पाठीमागे बांधलेले असतात. मग थोपटायचं कशानं? राहिली फक्त हनुवटी. आणि ड्रॅगन सुप्लेक्समध्ये पकडणाऱ्याचे हात काखेतून वर येऊन मानेमागे गुंफलेले. इथं हात तर गेलेच, शिवाय मानही दुसऱ्याच्या ताब्यात. 1978 च्या जानेवारीत तात्सुमी फुजिनामीनं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये याच डावावर ज्युनिअर विजेतेपदाचा पट्टा जिंकला, आणि पुढे धोका ओळखून हा डाव बराच काळ बासनात गुंडाळून ठेवावा लागला. तिन्ही डाव लांबून सारखेच दिसतात. तुम्ही हात बघा, म्हणजे कुठला किती जिवावरचा ते लगेच कळेल.

पाडणाऱ्याचंही सोपं नाही. आदळल्यावर सोडायचं नसतं. टाचा उचलून, चवड्यांवर आणि डोक्यावर कमान तशीच धरून तीन मोजून घ्यायचे. कमान खचली तर समोरच्याचा खांदा सुटतो, किंवा स्वतःचीच पाठ टेकते.

हा प्रकार पेटवला सातोरू सायामानं. 23 एप्रिल 1981, टोकियोतलं कुरामाए कोकुगिकान, म्हणजे तेव्हाचं सुमोचं सभागृह. चित्रकथेतल्या टायगर मास्कला खराखुरा रिंगमध्ये आणायची न्यू जपान प्रो-रेसलिंग या संघटनेची कल्पना, आणि मुखवटा असा घाईघाईत केलेला की पहिल्यांदा लोकांना हसूच आलं. समोर इंग्लंडचा डायनामाइट किड. साडेनऊ मिनिटांत जर्मन सुप्लेक्सनं कुस्ती संपली आणि हसू केव्हाच विरलं होतं. सायामा मेक्सिकोत उड्या शिकला होता, इंग्लंडमध्ये पकडी, आणि लाथा किकबॉक्सिंगच्या. तिन्ही त्यानं एका अंगात बसवलं. एक डाव तर निव्वळ थाप आहे: रिंगबाहेर पडलेल्या गड्याकडे झेपावल्यासारखं धावायचं आणि ऐन वेळी वरच्या दोन दोऱ्यांना धरून, त्यांच्यामधून अंग फिरवून परत आत यायचं. बाहेरचा गडी दचकून थांबला तरच ती थाप खरी वाटते. माझं मत विचाराल तर त्या दोघांच्या कुस्त्यांतला थोर माणूस डायनामाइट किडच. सायामा कितीही वेगात आला तरी हा योग्य जागी असायचा, आणि पडायचा असा की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा.

उड्यांचं गणितही झेलणाऱ्यावरच चालतं. दोरीवरून बाहेर उडी मारणारा हवेत असताना त्याच्या हातात काहीच नसतं. खाली पातळ चटई आणि तिच्याखाली सभागृहाची टणक फरशी. झेलणाऱ्यानं हात वर करून पाऊलभर पुढे यायचं, छातीवर वजन घ्यायचं आणि त्याच्याबरोबर मागे पडायचं. त्यानं घाबरून पाऊलभर मागे घेतलं तर उडणारा सरळ फरशीवर. प्रेक्षक टाळ्या उडणाऱ्याला देतात. मला विचाराल तर निम्म्या खालच्याच्या.

दोरीवर पाय ठेवून उडणं आणखी बेभरवशाचं. खांबाजवळ दोरी ताठ असते, मध्यावर झोल खाते. घामानं बूट ओले, त्यात पाय टाचेकडून पडला की संपलं. 16 एप्रिल 1994 ला र्योगोकू कोकुगिकानात सुपर जे-कप झाला. वेगवेगळ्या संघटनांचे चौदा ज्युनिअर, आणि सगळ्या कुस्त्या एकाच रात्रीत. उपांत्य फेरीत जुशिन लायगरसमोर ग्रेट सासुके वरच्या दोरीवर चढताना घसरून पडला. लायगरनं काय करावं? उभ्या उभ्या टाळ्या वाजवून त्याची थट्टा केली. पाठोपाठ सासुकेनं पायांची कैची मानेला घालून त्याला उलटा फिरवला आणि तीन मोजून घेतले. चूक लपवायच्या ऐवजी ती कुस्तीतच मुरवली, आणि आज लोकांना त्या रात्रीतली तीच कुस्ती आठवते. अंतिम फेरीत सासुके वाइल्ड पेगाससकडून हरला.

त्याच स्पर्धेत पहिल्या फेरीत लायगरशी हायाबुसा लढला होता. 2001 च्या ऑक्टोबरात, दुसऱ्या एका कुस्तीत, दोरीवरून मागे कोलांटी घेताना त्याचा पाय निसटला आणि तो डोक्यावर आला. मानेखालचं अंग लुळं पडलं. चूक तीच, पाय निसटण्याची. सासुके सावरला, याला सावरायला उंचीच पुरली नाही. 2016 मध्ये तो गेला.

लायगरबद्दल थोडं लिहायलाच हवं. उंची 170 सेंटिमीटर. तेवढ्या उंचीला न्यू जपानच्या तालमीत सुरुवातीला दारच उघडलं नाही, म्हणून तो मेक्सिकोला गेला आणि तिथून परत आला. 24 एप्रिल 1989 ला टोकियो डोममध्ये लायगरचा मुखवटा पहिल्यांदा चढवला, 2020 च्या जानेवारीत त्याच डोममध्ये निवृत्त झाला. आयडब्ल्यूजीपी ज्युनिअरचा, म्हणजे न्यू जपानच्या ज्युनिअर विजेतेपदाचा पट्टा अकरा वेळा जिंकला. शूटिंग स्टार प्रेस, म्हणजे पुढे झेपावत हवेत मागची कोलांटी घेऊन छातीवर पडणं, ही त्याचीच देणगी. पण वय वाढल्यावर त्यानं उड्या कमी केल्या आणि तळव्याचा तडाखा, मानेला धरून दाबणं, पाठीचे डाव यांवर कुस्ती उभी केली. माझ्या मते खरा वस्ताद तो तेव्हा झाला.

या विद्येची किंमत लपवून तुम्हाला पटवायचं नाही. डायनामाइट किड वरच्या दोरीवरून डोक्यानं आदळायचा. पाठीचा कणा गेला, शेवटची वर्षं चाकाच्या खुर्चीत काढली, 2018 मध्ये गेला. तोच डाव उचललेला वाइल्ड पेगासस म्हणजे क्रिस बेन्वा. 2007 मध्ये त्यानं बायकोला आणि मुलाला मारून स्वतःचा जीव घेतला. नंतर त्याच्या मेंदूला गंभीर इजा झालेली आढळली. त्याच्या कुस्त्या चांगल्या आहेत हे लिहिताना हात अडखळतो. आणि दुसरा टायगर मास्क झालेला मित्सुहारू मिसावा, ज्याच्या उकेमीचे सगळे दाखले द्यायचे, तो 2009 च्या जूनमध्ये हिरोशिमात एका साध्या, मागे टाकायच्या डावानंतर उठलाच नाही. साधा डाव होता. मान वर्षानुवर्षं मार खाऊन थकली होती.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. इथल्या तालमीत नवा पोरगा आला की त्याला काळी चड्डी, काळे बूट, आणि बैठका. शेकड्यानं, कधी हजारानं. त्या बैठकांना जपानी भाषेत चक्क 'हिन्झू सुकुवात्तो' म्हणतात, हिंदू स्क्वॉट. हात झुलवत, टाचा उचलत, अगदी आपल्यासारख्या. दंडांनाही तसंच हिंदू पुशअप. बेल्जियममध्ये जन्मलेल्या कार्ल गॉचनं ही मेहनत इथल्या तालमीत रुजवली, त्याला जपानी लोक प्रो-रेसलिंगचा देव म्हणतात. मानेच्या कमानीवरही त्याचाच जोर. वर सांगितलेला जर्मन सुप्लेक्स तिथूनच येतो. देव त्यांचा असला तरी बैठक आपली.

छोट्याला सांगा, यूट्यूबवर शोधून या क्रमानं लावून द्यायला. पहिली 1981 ची टायगर मास्क–डायनामाइट किड. मग 31 जानेवारी 1990, ओसाका, लायगर–नाओकी सानो. मुखवटा फाटतो, रक्त येतं, काकूंना शेजारी बसवू नका. त्यानंतर 30 एप्रिल 1992 ची लायगर–एल सामुराई, हिच्यात डाव हळूहळू कसे चढत जातात ते बघा. 5 जून 1997 ला टोकियोच्या बुदोकान सभागृहात एल सामुराई–कोजी कानेमोतो. मुखवटा जवळजवळ निघालेला असतानाही सामुराई जिंकतो. शेवटी 1994 चा सुपर जे-कप, तो एका बैठकीत होत नाही, दोन रविवार लागतील. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा, फक्त खालच्याकडे लक्ष ठेवून. दुसऱ्यांदा आवाज लावा.

पुढच्या वर्षी आलात तर कोराकुएन हॉलला नेईन. सुईदोबाशी स्टेशनवरून चालत पाच मिनिटं, इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, दीड-दोन हजारांचं सभागृह. खासबागेसारखी हलगी नाही. लोक गप्प बसतात आणि एकदम पाय आपटतात. गड्याचं नाव पुकारलं की रंगीत कागदी फिती उधळतात. फितीच्या आतली पुठ्ठ्याची नळी आधी काढून टाकतात, नाहीतर ती डोक्याला लागते, आणि फीत हलक्या हातानं पुन्हा गुंडाळतात म्हणजे हवेत सुटते. दोन गठ्ठे मी आणून ठेवीन.

एक विचारायचं होतं. दोन्ही हात मागून बांधून उचलायच्या डावाला आपल्या तालमीत काही नाव आहे का? इथल्या एकाला सांगायचंय. काकूंना नमस्कार, छोट्याला आशीर्वाद.

तुमची पुतणी