घाण्याचा गल्ला

गडहिंग्लज,
आषाढ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सांगितलंस की शेंगतेलाचा घाणा सुरू होऊन दोन महिने झाले, गल्ल्यात नव्वद हजार जमले आणि त्यातले चाळीस काढून गाडीचं राहिलेलं कर्ज एकदम फेडून टाकलंस. तुझा आवाज इतका आनंदी होता की मला तेव्हा काही बोलवेना. पण फोन ठेवल्यापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितो. राग मानू नकोस.

भावा, ते नव्वद हजार तुझे नव्हतेच. त्यातले निम्म्याहून जास्त शेंगदाण्याचे होते. काही विजेचे, काही बाटल्यांचे, काही त्या पोराच्या पगाराचे. तुझा वाटा काय उरला ते तू अजून मोजलेलंच नाहीस आणि त्याआधीच खर्च केलास.

मी हे बोलतोय कारण मी हेच केलंय. मिरची कुटायचा डंक टाकून तिसरं वर्ष होतं. आमचा धंदा चार महिन्यांचा. फेब्रुवारीत मिरची उतरते, मार्च ते मे चटणी कुटायला बायकांची रांग लागते, आणि मृगाचा पाऊस पडला की डंक गप्प. त्या वर्षी मेच्या अखेरीस माझ्याकडे तीन लाखांची रोकड होती. इतका पैसा एकत्र मी कधी पाहिला नव्हता. घराचा वरचा स्लॅब टाकला. आई खूश झाली, गल्लीत नाव झालं. पुढच्या फेब्रुवारीत बाजारात संकेश्वरी मिरची आली, लालभडक, हातात घेतली की खुळखुळणारी, आणि ती उचलायला माझ्याकडे पैसेच नव्हते. बँकेत गेलो. त्यांनी खात्याचा उतारा मागितला. माझा सगळा व्यवहार गल्ल्यातून खिशात, खात्यावर काय दिसणार? शेवटी शेकडा तीननं दोन लाख उचलले. महिन्याला सहा हजार नुसतं व्याज, पाच महिन्यांत तीस हजार. दिवसभर मिरचीचा खाट नाकातोंडात घेऊन कुटणावळीतून जे सुटलं, त्यातला मोठा वाटा त्या माणसाच्या घरी पोचवून आलो. सहाव्या महिन्यात मुद्दल फेडलं तेव्हा कुठे शांत झोप लागली.

मार्ग हिनं काढला. म्हणाली, तुम्ही डंकावर नोकरी करता असं समजा आणि पगार घ्या. तेव्हापासून धंद्याचं चालू खातं वेगळं, दुकानातला क्यूआर कोड त्याच खात्याचा, आणि पाच तारखेला अठरा हजार घरच्या खात्यात. मेमध्ये तेवढेच, भर पावसात तेवढेच. पावसाळ्यात ते सोपं असतं. मेमध्ये, रोज संध्याकाळी गल्ला भरलेला दिसतो तेव्हा फार जड जातं. पण दोन वर्षं खात्यावर उलाढाल दिसली आणि त्याच बँकेनं मला सीसी, म्हणजे लागेल तसं उचलायचं आणि परत भरायचं कर्ज, मंजूर केलं. शिवाय छोट्या धंद्याला ठोक हिशोबानं कर भरता येतो, त्यात रोख विक्रीवर आठ टक्के नफा धरतात आणि खात्यावर आलेल्या विक्रीवर सहा.

पगार काढून उरतं ते मुदत ठेवीत: एक मिरचीची, एक येणाऱ्या महिन्यांच्या पगाराची, एक मोटार जळाली, मुसळ तुटलं तर त्याची. डंक बंद असला तरी वीजबिलात स्थिर आकार येतोच, तोही यातूनच जातो. ठेव बँकेतच ठेव. अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून पतसंस्थेत सगळं ओतू नकोस. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही.

तुझं तर माझ्यापेक्षा नाजूक आहे. ऑक्टोबरात नवी शेंग निघेल, दाणा स्वस्त तेव्हाच. आणि दिवाळीच्या फराळाला तेलाची मागणीही तेव्हाच. वर्षाचा दाणा भरायचा पैसा तू आत्ता, या आषाढात कमावतोयस. गाडीचा हप्ता महिन्याला जात होता तो जाऊ द्यायचा होतास रे.

आता तेलाच्या दराचं. तू म्हणालास, बाजारभाव बघून लिटरचा दर लावला. तसं करू नकोस. मीही मिरची २४० नं घेतली म्हणून चटणीत २४० च धरत होतो. एकदा हिनं वजनकाटा पुढ्यात ठेवला. ५० किलो मिरची, १२ हजारांची. देठ खुडले, दोन उन्हं दिली, परत वजन केलं तर ४३ किलो. म्हणजे किलोला २७९ पडले. देठ खुडणाऱ्या बायकांची मजुरी, मीठ, लसूण, खोबरं अजून बाजूलाच. तीन वर्षं मी दर किलोमागे ३९ रुपये फुकट वाटत होतो. तुझ्या घाण्यात शंभर किलो दाण्यातून चाळीसेक किलो तेल निघत असेल, पण तू ते लिटरनं विकतोस, आणि लिटरभर शेंगतेल साधारण ९१० ग्रॅमच भरतं. हा फरक तुझ्या बाजूचा आहे, तो धर. पेंडीचे पैसे वेगळे लिही. पेंड गोठ्यावर उधारीत जाते आणि विसरली जाते.

उधारीवरून सांगतो, एका हॉटेलवाल्यानं माझे ६२ हजार आठ महिने लटकवले. रोज दोन माणसं पाठवून काही झालं नाही. मग कर सल्लागारानं विचारलं, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आहे का? ती ऑनलाइन फुकट होते, कुणाला पैसे देऊ नकोस. ती असली तर छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानं माल घेणाऱ्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. मी नोंदणी करून नवीन माल बिलावर नंबर घालून दिला आणि जुन्या बाकीचं शांतपणे पत्र लिहिलं. तीन हप्त्यांत पैसे आले. जुन्या बाकीला तो कायदा लागला असता की नाही कोण जाणे, पण कागद गेला की माणूस सरळ बोलतो. तू नोंदणी याच आठवड्यात कर.

बेंदराच्या सणाला येतोयस ना? वहिनींना आणि पोरांना घेऊन ये. येताना दोन महिन्यांची वही आण, नसली तर बिलांची पिशवी आण, रात्री बसून लावू. आणि आमच्यासाठी पाच लिटर तेल आण. दर तू नवा काढशील तो लाव, बिल कर. पैसे मी तुझ्या घाण्याच्या खात्यावर टाकेन, तुझ्या हातात देणार नाही.

तुझाच,
डंकवाला