‘आदिम’ शब्दाविषयी एक दुरुस्ती

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत आर्कोस्टेमाटा या भुंगेऱ्यांच्या लहानशा उपगणावर लेख आला, याचा फार आनंद झाला. मात्र त्यात या कीटकांना ‘उत्क्रांती न झालेले’ आणि ‘सर्व भुंगेऱ्यांचे पूर्वज’ म्हटले आहे, त्याला हरकत घेणे मला आवश्यक वाटते.

भुंगेऱ्यांच्या सुमारे ४ लाख जातींची आजवर नोंद झाली आहे. त्यांत या उपगणाच्या हयात जाती पन्नासही भरत नाहीत. त्यांना आदिम म्हणतात ते प्रामुख्याने पंखांवरून. क्युपेडिडी कुळातला एखादा करडा भुंगेरा भिंगाखाली धरला, तर त्याच्या टणक वरच्या पंखांवर उभ्या कंगोऱ्यांच्या मधोमध, खिडकीच्या जाळीसारख्या चौकोनी खळग्यांच्या रांगा दिसतात. रशियात उरल भागातील चेकार्दा येथे मिळालेल्या, सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या भुंगेऱ्यांच्या पंखांवरही अशी जाळी आहे. पुढे बहुतेक शाखांमध्ये ती बुजत गेली. इथे ती टिकली.

पण एक जुनी खूण टिकली म्हणून सारा प्राणीच होता तसा राहिला, असे होत नाही. याच उपगणातला मायक्रोमाल्थस पाहावा. मूळ उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला हा जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचा कीटक कुजक्या ओंडक्यात राहतो आणि लाकडाबरोबर दक्षिण आफ्रिकेतील खाणींपर्यंत पोहोचला आहे. त्याची अळी प्रौढ न होताच, नराशिवाय, पिलांना जन्म देते. आणि क्वचित नर व्हायचा असेल तेव्हा जन्मणारी एकुलती अळी आपल्या आईलाच खाऊन वाढते. इतके गुंतागुंतीचे जीवनचक्र असलेल्या कीटकाची उत्क्रांती थांबली, असे कसे म्हणावे?

पूर्वजांविषयीचे विधानही तसेच चुकीचे आहे. हयात भुंगेऱ्यांचे चार उपगण मानले जातात आणि आर्कोस्टेमाटा हा त्यांपैकी एक. म्हणजे आपल्या अंगणातल्या शेणकिड्याचा तो आजोबा नव्हे, दूरचा चुलतभाऊ होय, आणि मूळ पूर्वजापासून दोघांनीही सारखाच काळ वाटचाल केली आहे. मुले ही पुरवणी कापून वहीत चिकटवतात, म्हणून पुढील अंकात ‘काही आदिम लक्षणे टिकवून असलेले भुंगेरे’ अशी दुरुस्ती छापावी आणि जागा असल्यास त्या जाळीदार पंखाचे मोठे छायाचित्रही द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, सातारा