भोसरीच्या मिस्त्रीकाकांना, तोडलेल्या टॅकबद्दल

काका, सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला आलो की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे लिहून पाठवतोय. सूनबाईंनी वाचून दाखवायचं कबूल केलंय.

गेल्या रविवारी जिप्सी मुळशीकडे मित्राच्या शेतातल्या खडकाळ उतारावर नेली. पुढचं डावं चाक गुडघ्याएवढ्या दगडावर, उजवं खड्ड्यात, आणि स्टिअरिंग हातात शांत. ना हिसका, ना ओढ. तिथेच इंजिन बंद करून उतरलो आणि चाकाच्या वर हात घालून बघितलं. टायर आणि शॉक टॉवरच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं वरचं टोक धरणाऱ्या खांबाच्या) मध्ये अजून दोन बोटं जागा होती. ती दोन बोटं तुमची आहेत, काका.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा मी घाबरलेलो होतो, हे कधी बोललो नाही. आधी दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये पुढचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) काढून कॉइलओव्हर (शॉकभोवतीच गुंडाळीची स्प्रिंग असलेले) बसवून घेतले होते. याच उतारावर, माणसाच्या चालीने गाडी उतरत असताना पॅनहार्ड रॉडचा (अ‍ॅक्सलला आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचा) चेसिसकडचा ब्रॅकेट उखडला. अख्खा अ‍ॅक्सल एका अंगाला सरकला. मी स्टिअरिंग फिरवतोय आणि चाकं वळत नाहीत. शेजारी धाकटा भाऊ बसला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुम्ही तो ब्रॅकेट हातात घेतलात, उलटा केलात, नखाने खरवडलात. वेल्डखाली चेसिसचा जुना रंग तसाच होता. "लोखंडाला लोखंड लागलंच नाही रे," एवढंच म्हणालात. आणि लगेच विचारलंत, "ही गाडी रस्त्यावर काढणारेस का?" आरसीवरच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, तेव्हा गाडी ट्रेलरवरच न्यायची आणि खासगी जागेतच चालवायची, हे वचन घेतल्याशिवाय तुम्ही ग्राइंडरला हात लावला नाहीत.

पाटा वजन पेलतो आणि अ‍ॅक्सलला जागेवर धरूनही ठेवतो, हे मला तुमच्या शेडमध्ये समजलं. कॉइलओव्हर फक्त वजन पेलतो. पाटे गेले की अ‍ॅक्सलला धरायला लिंक, म्हणजे जोडदांडे, लागतात. पुढेमागे सरकू नये, गोल फिरू नये म्हणून खाली दोन आणि वर एक, आणि आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड. तोही ड्रॅग लिंकला (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याला) समांतर आणि लांबीला होईल तितका सारखा हवा. नाहीतर चाक वरखाली झालं की स्टिअरिंग आपोआप वळतं. माझा जुना पॅनहार्ड चांगला वीतभर आखूड होता.

आणि मग तो शनिवार. सगळे ब्रॅकेट नुसत्या टॅकवर, म्हणजे वेल्डच्या तात्पुरत्या टिपक्यांवर, होते. आदल्या रात्री साडेअकरापर्यंत बसून तुम्हीच मारलेले टॅक. तुम्ही कॉइलओव्हरच्या स्प्रिंग काढून ठेवल्या आणि नुसत्या शॉकवर, जॅक लावून अ‍ॅक्सल फिरवायला घेतलात. दोन्ही चाकं वर, दोन्ही खाली, मग एक वर एक खाली. प्रत्येक वेळी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. दोन्ही चाकं पूर्ण वर गेली तेव्हा पॅनहार्ड आणि इंजिनखालच्या ऑइल संपमध्ये जेमतेम कागद जाईल एवढी फट राहिली. मी म्हणालो, लागत तर नाहीये, चालेल की. तुम्ही म्हणालात, "इंजिन पण हलतं रे फाउंडेशनवर." आणि स्वतःचे टॅक स्वतः कापून काढलेत, एक शब्द न बोलता. पॅनहार्डचे दोन्ही ब्रॅकेट नव्याने कापायला संध्याकाळ झाली. या एका दुपारसाठी हे पत्र आहे.

वजनाचा किस्सा मी सगळ्यांना सांगतो. शेजारच्या भंगारवाल्याचा वजनकाटा आणलात, बाकीच्या तीन चाकांखाली तेवढ्याच उंचीचे लाकडी ठोकळे घातलेत. चाकाखाली २६५ किलो भरले. त्यातून चाक आणि अर्ध्या अ‍ॅक्सलचे, स्प्रिंगवर न येणारे ८५ वजा, राहिले १८०, म्हणजे जवळपास ४०० पौंड. वरची स्प्रिंग १०० पौंड प्रति इंचाची, खालची १५०. एकीवर एक बसवल्या की दोन्ही मिळून ६० च्याच होतात, हे तुम्ही खडूने कोब्यावर मांडून दाखवलंत. ४०० ला ६० ने भागलं की साडेसहा इंच. शॉकच्या १२ इंचांपैकी तेवढे इंच गाडी उभी असतानाच दबणार, चाकाला खाली जायला साडेसहा आणि वर यायला साडेपाच मिळणार. गाडी जमिनीवर टेकवून मोजली, तर फरक पाव इंचाचासुद्धा नव्हता. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते मी विसरणार नाही.

शेवटच्या दिवशी बारीक भेगा दिसाव्यात म्हणून सगळ्या वेल्डवर लाल डाय मारून, पुसून, पांढरा डेव्हलपर फवारलात. आपण दोघं स्टुलावर बसून वाट बघत होतो. एका ब्रॅकेटच्या कोपऱ्यात केसासारखी लाल रेघ उमटली. तुम्ही ती ग्राइंड करून परत भरलीत, परत तपासलीत, आणि त्याचे पैसे घ्यायला साफ नाही म्हणालात. भाऊ आता बिनधास्त शेजारी बसतो. त्याने तुमच्यासाठी नमस्कार सांगितलाय.

मागचे पाटे अजून तसेच आहेत. दिवाळीनंतर गाडी ट्रेलरवर घालून आणतो. कोब्यावरचं ते खडूचं गणित पुसलं गेलं नसेल तर राहू द्या. मागच्या अ‍ॅक्सलचं त्याच्या शेजारीच मांडू.

तुमचा,
जिप्सीवाला