कामगिरी मोजा, पण बंद मागाचा हिशेबही ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पगारवाढ आणि बढती यापुढे सेवाज्येष्ठतेवर नाही तर कामगिरीवर, अशी भाषा सोलापुरातल्या कारखान्यांपासून पतसंस्थांपर्यंत ऐकू येते. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात मी बरीच वर्षं कार्मिक विभाग सांभाळला आहे आणि या बदलाला माझा मनापासून पाठिंबा आहे. पाट्या टाकणाऱ्याला आणि जीव ओतून काम करणाऱ्याला सारखीच वाढ मिळाली, की चांगला माणूस पुण्याची वाट धरतो. प्रश्न आहे तो मोजायचं काय आणि कसं, याचा.

नगावर मजुरी आपल्या गावाला नवी नाही. बिड्या वळणाऱ्या बायकांना दर हजार बिड्यांमागे मजुरी मिळते. पण पानंच फाटकी, डागाळलेली आली तर त्यांत बिड्या कमी निघतात, छाटही (नापास ठरवून बाजूला काढलेल्या बिड्या) वाढते. पानं देणारा दुसराच, खोट मात्र तिच्या पदरात. मागावरही तेच. सूत हलकं असलं की ताण्याची तार सारखी तुटते, कामगार गाठी मारत बसतो, माग दुरुस्त करणारा जॉबर दुसऱ्या मागावर अडकलेला असतो. पाळी संपल्यावर रजिस्टरात आकडा एकच चढतो: टॉवेल किती निघाले. त्यावरून माणूस कामचुकार ठरतो.

आम्ही त्या आकड्याशेजारी ‘माग किती वेळ बंद, कशामुळे’ असा रकाना वाढवला. तेव्हा कळलं, की सगळ्यांत मागे पडलेल्या कामगाराच्या वाट्याला खात्यातला सगळ्यांत जुना माग आला होता. बदलायचा होता तो माग.

शेरा लपवणंही थांबायला हवं. देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलं, की सरकारी कर्मचाऱ्याला गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कळवलीच पाहिजे, प्रतिकूल असो वा नसो. बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ शेरा लागत होता आणि देव दत्त यांना न कळवता एका वर्षी नुसता ‘चांगला’ दिला गेला होता. खासगी मालकांनाही हे करायला कोणी अडवलेलं नाही. मार्चअखेर एकदम निकाल हातात ठेवण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी समोर बसवून बोला. सुधारायला वेळ तरी मिळेल.

आणि कृपा करून, दर गटातले ठरावीक लोक खालच्या श्रेणीत ढकलायचेच, ही पद्धत इथे आणू नका. मायक्रोसॉफ्टनेही ती 2013 मध्ये सोडली. शेजारी वर गेला की आपण खाली, असं झालं तर जुना कारागीर नव्या पोराला काही शिकवणार नाही.

ज्यांना येत्या एप्रिलपासून ही पद्धत सुरू करायची आहे, त्यांनी निकष आत्ताच मराठीत आणि तेलुगूत लिहून खात्याच्या दाराशी लावावेत. पहिलं मूल्यमापन सुपरवायझरचं करावं: त्याच्या खात्यातले माग किती वेळ बंद राहिले, इथून सुरुवात करून.

आपला,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी, सोलापूर